सिस्टर खेकसतात, डॉक्टर घाईत असतात: रुग्णालयातला थकवा आणि तुमचा रुग्ण

रात्रीचे अडीच वाजलेत. वडिलांचं सलाईन संपत आलंय. तुम्ही टेबलापाशी जाऊन सांगता, सिस्टर मान वर न करता म्हणतात, "येते, बसा." दहा मिनिटांनी तुम्ही पुन्हा जाता. या वेळी आवाज चढतो, "एकच पेशंट आहे का मला?" तुम्ही गप्प परत फिरता. सकाळी गावाकडून फोन आला की पहिलं वाक्य हेच निघतं: "इथल्या लोकांना माणुसकी म्हणून नाही."

सिस्टरनी तसं बोलायला नको होतं, हे आधीच मान्य करतो. पण ताप हा जसा स्वतः आजार नसून आत काहीतरी चाललंय याची खूण असते, तसा हा चढलेला आवाजही पुष्कळदा एक खूण असतो. आत काय चाललंय याचा तुमच्या वडिलांच्या उपचारांशी थेट संबंध आहे, म्हणून हा लेख.

आधी त्या सलाईनचं सांगून टाकतो, कारण नातेवाइकांची निम्मी रात्र त्याच काळजीत जाते. उंचावर टांगलेलं साधं सलाईन संपलं की नळीतला प्रवाह आपोआप थांबतो. "हवा आत जाऊन माणूस जातो" ही भीती अशा वेळी सहसा खरी नसते. नळीत थोडं रक्त मागे आलेलं दिसेल, फार तर सुई बंद पडून नवी लावावी लागेल. पाच-दहा मिनिटांचा उशीर बहुतेक वेळा चालतो. वेग कमी-जास्त करणारं चाक मात्र स्वतः फिरवू नका. आणि बाटलीत किंवा पंपावर रक्तदाब टिकवणारं औषध चालू आहे असं तुम्हाला सांगितलेलं असेल, तर ते संपण्याआधीच कळवा, तिथे उशीर चालत नाही.

बर्नआउट म्हणजे नेमकं काय?

हा शब्द आरोग्यसेवेतच जन्मला. न्यूयॉर्कमधले मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर एका मोफत दवाखान्यात काम करत होते. तिथे अतिशय उत्साहाने आलेले कार्यकर्ते काही महिन्यांत चिडचिडे, कोरडे आणि रिकामे झालेले त्यांना दिसले. १९७४ मध्ये त्यांनी या अवस्थेला बर्नआउट म्हटलं. पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली आणि ती आजही जगभर वापरली जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, म्हणजे जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने होणारी, कामाशी निगडित अवस्था अशी ती नोंद आहे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. आजार म्हटलं की आपण माणसाला तपासतो. इथे माणसासोबत त्याची ड्यूटीही तपासावी लागते.

या अवस्थेचे तीन भाग आहेत. पहिला, झोपूनही न जाणारा थकवा. सुट्टीचा दिवस संपूर्ण झोपण्यात जातो आणि तरी सोमवारी सकाळी अंग उचलत नाही. दुसरा, मनाचा दुरावा. समोरचा माणूस दिसतो, पण त्याचं दुखणं आत पोहोचत नाही. आपल्या रुग्णालयांत "बारा नंबरचं रक्त पाठवा" असं बोलायची जुनी सवय आहे, त्यात लगेच काही शोधू नका. बारा नंबरच्या आजी रडताहेत हे दिसूनही काहीच वाटेनासं होतं, तेव्हा तो दुरावा. तिसरा भाग म्हणजे "माझ्या असण्या-नसण्याने काय फरक पडतो" ही भावना. दिवसभरात चाळीस माणसं पाहिली, पण एकाचंही भलं केलं असं वाटत नाही.

याच्या जोडीला एक वेगळी जखम असते. काय करायला हवं हे माहीत असतं, पण करता येत नाही. व्हेंटिलेटर एक आणि गरजू तिघं. औषध बाहेरून आणायला सांगावं लागतं आणि समोरच्याच्या खिशात पैसे नसतात हेही दिसत असतं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, इथे काम केलेल्या कुणालाही विचारा. घाटी असो, चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय असो, महापालिकेचं मेल्ट्रॉन असो की खासगी रुग्णालयं, त्या एप्रिलबद्दल बोलताना माणसं अजून मध्येच थांबतात.

हा ताण आपल्याकडे इतका का साठतो?

मराठवाड्यात गंभीर रुग्णाबद्दल एक वाक्य ठरलेलं आहे: "घाटीत न्या." १९५६ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं हजाराहून जास्त खाटांचं हे रुग्णालय फक्त छत्रपती संभाजीनगर शहराचं कधीच नव्हतं. जालना, बीड, परभणी, हिंगोली, शिवाय बुलढाणा, जळगाव आणि अहिल्यानगरच्या सीमेवरच्या तालुक्यांतूनही रुग्ण येतात. गावातल्या डॉक्टरने, मग तालुक्याने, मग जिल्ह्याने "पुढे न्या" म्हटलेला माणूस इथे पोहोचतो तेव्हा आजाराचे बरेच तास आधीच गेलेले असतात. इथून पुढे पाठवायला जागा नाही. खाट नाही म्हणून परतही पाठवता येत नाही. मग दोन खाटांच्या मध्ये गादी पडते. गाद्या वाढतात तशा सिस्टर वाढत नाहीत.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा आहे की शिक्षण देणाऱ्या रुग्णालयातल्या साध्या वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी. तीन पाळ्यांत वाटलं की एका पाळीत नऊ खाटांमागे एक, आणि रजांसाठी त्यावर ३० टक्के राखीव. पुढच्या वेळी रात्री कुठल्याही मोठ्या सरकारी वॉर्डात बसलात की खाटा मोजा, जमिनीवरच्या गाद्या मोजा आणि सिस्टर किती आहेत ते बघा. भागाकार तुम्हीच करा.

ऑक्टोबर २०२३ तुम्हाला आठवत असेल. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याची बातमी आली, त्यात १२ नवजात बाळं होती. पाठोपाठ घाटीतही २४ तासांत १८ मृत्यू झाल्याचं समोर आलं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सरकारला रिक्त पदांबद्दल विचारलं. त्याच दिवसांत नांदेडला एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं, तो व्हिडिओ राज्यभर फिरला. लोकांचा राग खोटा नव्हता. पण रिकाम्या जागेवर बोलायला कुणी नसतं. ज्या जागा भरलेल्या असतात, त्या माणसांनाच रिकाम्या जागांचं काम आणि त्यांच्या वाट्याच्या शिव्याही घ्याव्या लागतात. मे २०२२ मध्ये राज्यभरातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या होत्या. पदं कायमस्वरूपी न भरता कंत्राटदारामार्फत भरायला त्यांचा विरोध होता. त्या वेळी अनेक रुग्णांना त्रास झाला हे खरं, पण त्यांची मागणी पगारापुरती नव्हती हेही लक्षात असू द्या.

खासगी रुग्णालयांत चित्र वेगळं, ताण तोच. तिथे बारा तासांच्या पाळ्या, कमी पगारावरच्या नव्या मुली आणि "पेशंटने तक्रार केली तर तुझं काही खरं नाही" ही टांगती तलवार. वॉर्डातले मामा आणि मावशी यांच्या थकव्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. स्ट्रेचर ढकलणं, चादरी बदलणं, मृतदेह खाली नेणं, हे सगळं त्यांच्याकडे, आणि त्यातले बरेच जण कंत्राटी.

डॉक्टर इतके तास काम करतात, ते कायद्यात बसतं का?

रात्री तुम्हाला भेटणारे तरुण डॉक्टर बहुतेक वेळा निवासी डॉक्टर असतात, म्हणजे एमबीबीएस होऊन पुढचं शिक्षण घेत असलेले. १९९२ च्या केंद्रीय निवासी डॉक्टर योजनेत त्यांच्यासाठी आठवड्याला ४८ तास आणि सलग साधारण १२ तासांपेक्षा जास्त नाही, असं लिहिलेलं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत "वाजवी" तास, वर्षाला किमान २० दिवस पगारी किरकोळ रजा आणि कामाच्या सोयीने आठवड्याला एक सुट्टी आहे. "वाजवी" हा शब्द नियमात किती सोयीचा असतो, हे नोकरी करणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

प्रत्यक्षात काय होतं ते याच आयोगाच्या कृती गटाने २०२४ च्या अहवालात नोंदवलं आहे. पाहणीत सुमारे ५,३०० पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. त्यांतल्या ४५ टक्क्यांनी आठवड्याला ६० तासांहून अधिक काम असल्याचं सांगितलं, ५६ टक्क्यांना आठवड्याची सुट्टी मिळत नव्हती, आणि सुमारे ३१ टक्क्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. ही ऑनलाइन, स्वतःहून भरलेली पाहणी होती. त्रासात असलेल्यांनी ती जास्त भरली असणं शक्य आहे, म्हणून हे आकडे जसेच्या तसे सगळ्यांना लावू नयेत. पण निम्मे धरले तरी ते घाबरवणारेच आहेत. कृती गटाने आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तासांची शिफारस केली. म्हणजे १९९२ च्या कागदावर ४८ आणि ३२ वर्षांनी सुधारणा म्हणून ७४. यावर मी वेगळं काय बोलू?

माझ्या रुग्णाला याने काय होतं?

सलग १७ तास जागा असलेला माणूस चाचण्यांमध्ये जितका मंद पडतो, तितकाच रक्तात ०.०५ टक्के दारू असलेला माणूस पडतो, असं १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं. आपल्याकडे गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे पोलिसांनी ज्या अवस्थेत गाडी अडवली असती, साधारण त्याच अवस्थेत थकलेला डॉक्टर पहाटे औषधाचा डोस लिहीत असतो.

बोस्टनच्या एका रुग्णालयात २००४ मध्ये पाहिलं गेलं की अतिदक्षता विभागात २४ तासांहून मोठ्या पाळ्या करणाऱ्या इंटर्नच्या हातून, छोट्या पाळ्यांच्या तुलनेत, सुमारे ३६ टक्के जास्त गंभीर चुका झाल्या. यावरून "तास कमी करा, प्रश्न मिटला" असं वाटेल. तसं झालं नाही. २०२० मध्ये मुलांच्या अतिदक्षता विभागांत केलेल्या मोठ्या अभ्यासात पाळ्या छोट्या केल्या तरी चुका घटल्या नाहीत, उलट काही ठिकाणी वाढल्या. कारण शोधल्यावर दिसलं की तास कमी झाले, पण प्रत्येक डॉक्टरच्या वाट्याला आलेले रुग्ण वाढले होते. माणसं न वाढवता केलेली वेळापत्रकाची हलवाहलव कामाला येत नाही.

परिचारिकांबद्दलचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांच्या २००२ च्या अभ्यासात, एका सिस्टरमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी आणि त्या सिस्टरच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली आढळली. दोन्ही गोष्टी एकाच कारणातून निघाल्या आहेत हे बघा. सिस्टर दमणं आणि रुग्णाला धोका असणं हे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

ओरडलं की काम होतं, हे खरं आहे का?

वॉर्डात एक समज पक्का आहे: गप्प बसणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, आवाज चढवला की लगेच हालचाल होते. हालचाल होते, हे मी नाकारत नाही. पण ती कशी होते?

इस्रायलमध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या ३९ पथकांवर एक प्रयोग झाला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पथकांना बाहुल्यांवर तातडीचे प्रसंग हाताळायचे होते. काही पथकांसमोर बाळाच्या आईची भूमिका करणारी अभिनेत्री टाकून बोलली, "चांगल्या रुग्णालयात जायला हवं होतं" अशा अर्थाचं. शिवी नाही, हात उगारणं नाही. तेवढ्यावर त्या पथकांचं निदान आणि उपचार दोन्ही घसरले, आणि घसरण दिवसभराच्या पुढच्या प्रसंगांतही राहिली. टोमणा खाल्लेला मेंदू त्या टोमण्यातच अडकतो. उरलेला मेंदू तुमच्या बाळाकडे बघतो.

मारहाणीबद्दल तर बोलायलाच नको. मार्च २०१७ मध्ये धुळ्याला एका निवासी डॉक्टरवर जीवघेणा हल्ला झाला. त्यानंतर राज्यभरातले हजारो निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, आणि हाल झाले ते ज्यांनी कुणावर हात उचलला नव्हता अशा रुग्णांचे. महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी वेगळा कायदा आहे: रुग्णालयात हिंसा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, शिवाय मोडतोडीच्या दुप्पट भरपाई. कायद्याने डॉक्टरच्या मनातली भीती मात्र गेलेली नाही. घाबरलेला डॉक्टर गंभीर रुग्ण हातात घेण्याऐवजी "पुढे न्या" म्हणायला लागतो. गावोगाव ते वाक्य वाढण्यामागे हेही एक कारण आहे, असं माझं मत आहे.

मग आम्ही काय करायचं?

थकलेल्या माणसाकडूनही तुमच्या रुग्णाचं काम नीट व्हावं, एवढाच यातला उद्देश आहे. समजूतदार नातेवाईक म्हणून कुणी सत्कार करणार नाही.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट: सिस्टर औषधांची ट्रॉली घेऊन फिरत असतील तेव्हा त्यांना हाक मारू नका. सिडनीच्या दोन रुग्णालयांतल्या अभ्यासात औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययामागे चुकांचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. तुमचा "चादर कधी बदलणार?" हा प्रश्न शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या इन्सुलिनच्या डोसात जाऊन पडतो. ट्रॉली तुमच्या खाटेशी आली की बोला, आणि तेव्हा जरूर बोला. "हे कशाचं इंजेक्शन आहे?", "यांना पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे, पेपरवर लिहिलंय ना?" हे विचारणं म्हणजे शंका घेणं नव्हे. थकलेल्या हाताला ती दुसरी नजर मिळते. रुग्णाचं पूर्ण नाव आधी उच्चारा, कारण एका वॉर्डात दोन सुमनबाई हमखास असतात.

एक वही ठेवा. जुनी औषधं, अ‍ॅलर्जी, आधीची ऑपरेशनं, लघवी किती झाली, ताप कधी आला. राउंडच्या आधी तीनच प्रश्न लिहा. तीस सेकंदांत उत्तर देता येतील असे प्रश्न असले तर दमलेला डॉक्टरही थांबतो. घरातल्या एकानेच डॉक्टरांशी बोलायचं असं ठरवा. सकाळी मोठा भाऊ, दुपारी जावई आणि संध्याकाळी पुण्याहून आलेला चुलतभाऊ यांनी तेच तेच विचारलं की तिसऱ्याला मिळणारं उत्तर तुटक असतं, आणि मग "काहीतरी लपवताहेत" अशी शंका येते.

पाळी बदलण्याच्या वेळा, साधारण सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठच्या आसपास, या धोक्याच्या वेळा असतात. एक सिस्टर दुसरीला सगळ्या रुग्णांची माहिती देत असते आणि त्यात एखादी गोष्ट निसटू शकते. त्या अर्ध्या तासात किरकोळ कामं सांगू नका. नंतर नव्या सिस्टरना शांतपणे विचारा, "दुपारी रक्त चढवणार होते, ते तुमच्याकडे आलंय का?"

आता उलट बाजू. खाली सांगितलेलं काही दिसलं तर ट्रॉली, पाळी, कुणाचा चढलेला आवाज, काहीही बघू नका, तिथल्या तिथे हाक मारा आणि कुणी येईपर्यंत हलू नका: श्वास लागणं, हाका मारूनही नीट जागं न होणं किंवा अचानक बरळणं, झटका, छातीत दुखणं, रक्तस्राव, रक्त चढवताना किंवा इंजेक्शननंतर थंडी वाजणं, अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं. "सिस्टर, श्वास लागलाय" एवढंच मोठ्याने म्हणा. "मघापासून सांगतोय, कुणी बघत नाही" हे वाक्य जोडलंत की सिस्टर आधी त्याचं उत्तर देणार, आणि वेळ तिथे जाणार.

आणि खरंच कुणी चुकलं असेल तर? थकवा हे कारण आहे, माफीपत्र नाही. चुकीचं औषध दिलं गेलं, पैसे मागितले, अपमान झाला, तर तक्रार करा, पण वॉर्डात आवाज चढवून नाही. आधी इन्चार्ज सिस्टर, मग वैद्यकीय अधीक्षक, लेखी, तारीख-वेळेसह, पोच घेऊन. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, पैशांची अडचण असो की तक्रार, तिथे वाट मिळते. खासगी रुग्णालयांना २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. तक्रारीत त्या रात्री किती रुग्णांमागे किती सिस्टर होत्या तेही लिहा. एकट्या सिस्टरवर कारवाई होऊन फाइल बंद होणं सोपं असतं. आकडा लिहिलेला कागद बंद करणं थोडं अवघड जातं.

आमच्या घरातच सिस्टर किंवा डॉक्टर आहे

हा भाग वाचणारे कमी नसतील, या शहरात प्रत्येक गल्लीत एखादी सिस्टर, एखादे ब्रदर, लॅबमधलं कुणीतरी राहतंच. घरच्यांना बर्नआउट आधी दिसतो, ज्याला झालाय त्याला उशिरा. ड्यूटीच्या आदल्या संध्याकाळपासून पोटात गोळा, डोकेदुखी. लेकरांवर विनाकारण ओरडणं आणि मग बाथरूममध्ये रडणं. लग्नकार्याला "ड्यूटी आहे" सांगून घरी पडून राहणं. रुग्णांबद्दल पूर्वी भरभरून बोलणारी मुलगी आता "मरू दे, विषय नको" म्हणते.

नाइट करून आलेल्या माणसाची झोप ही चैन नव्हे. दुपारी बारा वाजता "किती झोपतेस" म्हणून उठवू नका, खोलीत अंधार करा, कुकरची शिट्टी आणि टीव्ही सांभाळा. सुनेची नाइट असेल तर सकाळचा डबा तिने परत येऊन करायचा, ही पद्धत आजही किती घरांत आहे ते मला रुग्णांकडून कळतं. ती बंद करा. आणि शक्य असेल तर नाइट संपल्यावर घ्यायला जा. मोठ्या पाळीनंतर गाडी चालवणाऱ्या अमेरिकी इंटर्नमध्ये अपघाताची शक्यता दुपटीहून जास्त आढळली होती, आणि ते चारचाकीत होते. आपली माणसं सकाळच्या गर्दीत जालना रोडवरून स्कूटीवर येतात.

थकवा महिन्याहून जास्त टिकला तर आधी साध्या तपासण्या करून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास सापडते आणि ती नुसती "ड्यूटीचा ताण" म्हणून वर्षानुवर्षं सुटून जाते. घरात झोपेच्या गोळ्यांची पाकिटं, इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्या दिसल्या तर दुर्लक्ष करू नका. रुग्णालयात काम करणाऱ्यांच्या हाताशी औषधं असतात, आणि स्वतःच स्वतःवर उपचार करण्याची खोड आम्हा सगळ्यांनाच असते.

बर्नआउट आणि नैराश्य यांत फरक ओळखायची एक ढोबळ खूण आहे. बर्नआउटमध्ये कामापासून लांब गेल्यावर, चार दिवस गावी राहिल्यावर माणूस थोडा तरी हसतो. नैराश्य गावीही सोबत येतं: कशातच रस नाही, भूक नाही, पहाटे तीनला जाग, "माझ्यामुळेच सगळं" असं सतत वाटणं. दोन आठवडे असं राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मरणाचे विचार बोलून दाखवले, निरवानिरवीची भाषा आली, तर वाट बघू नका, एकटं सोडू नका, त्याच दिवशी न्या. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही आहे.

"रेकॉर्डवर आलं तर नोकरी जाईल" या भीतीने डॉक्टर-सिस्टर मंडळी उपचार टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे, आणि डॉक्टर-सिस्टरही इथे रुग्णच असतात. तरी ज्या रुग्णालयात रोज ड्यूटी करतो तिथेच मानसोपचाराच्या ओपीडीत रांगेत उभं राहायला जीव धजत नाही, हे समजू शकतं. मग शहरातल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे वेळ घ्या, ड्यूटीचं वेळापत्रक बघून तुम्हीच घ्या, आणि पहिल्या वेळी सोबत जा.